रक्ताचा डाग पुसू नका

इस्लापूरच्या मंडळींनो,

गावात खून पडला की पहिलं बोट कुणाकडं जातं? रानात पाल ठोकून राहणाऱ्या गरिबाकडं. इंग्रजांनी १८७१ साली कायदा केला आणि कितीतरी जमातींवर जन्मानंच गुन्हेगार असा शिक्का मारला. तो कायदा १९५२ साली गेला. शिक्का काही अजून पुरता पुसला नाही.

आता खरा गुन्हेगार ओळखायची एक परीक्षा निघाली आहे. तिला डी.एन.ए. परीक्षा म्हणतात. आपलं रक्त, थुंकी, मुळासकट निघालेला केस, यांत शरीराची एक बारीक खूण असते. अर्धी आईकडून येते, अर्धी बापाकडून. एकसारखी दिसणारी जुळी भावंडं सोडली, तर दोघांची खूण सारखी नसते.

विलायतेत लेस्टर शहराजवळच्या एका गावात १९८३ साली पंधरा वर्षांच्या मुलीवर अत्याचार करून तिला मारलं. १९८६ साली शेजारच्या गावात तसंच घडलं. पोलिसांनी सतरा वर्षांचा पोरगा धरला. त्यानं दुसरा खून कबूलही केला! मग अलेक जेफ्रीज या शास्त्रज्ञांनी परीक्षा केली. दोन्ही ठिकाणी माणूस एकच निघाला, पण तो हा पोरगा नव्हता. पोरगा सुटला.

पोलिसांनी आसपासच्या सुमारे ५,००० पुरुषांचे नमुने तपासले. तरी कुणी सापडेना. सापडेल कसा? गुन्हेगारानं आपल्या नावावर दुसऱ्यालाच रक्त द्यायला धाडलं होतं! पुढं तो दुसरा गुत्त्यात बसून हे बोलून गेला. दारूनं केलेलं एवढं एकच बरं काम मला ठाऊक आहे. १९८८ साली गुन्हेगाराला जन्मठेप झाली.

आपल्याकडं ही परीक्षा हैदराबादच्या सी.सी.एम.बी. या सरकारी संस्थेत डॉ. लालजी सिंग यांनी १९८८ साली बसवली. हैदराबाद आपल्याला काही परकं नाही. १९५६ पर्यंत आपण त्याच राज्यात होतो की!

पण नमुनाच बिघडला तर शास्त्रज्ञ काय करणार? नमुना ४८ तासांत प्रयोगशाळेत पोचवा, असं सुप्रीम कोर्टानं २०२५ साली पोलिसांना बजावलं. आपलं काम त्याच्या आधीचं. गुन्ह्याची जागा झाडू नका, सारवू नका. पोलीस येईपर्यंत आत कुणाला सोडू नका. रक्ताचं कापड धुऊ नका. प्लॅस्टिकच्या पिशवीतही कोंबू नका, ओल धरून नमुना कुजतो. बाईवर अत्याचार झाला असेल, तर आंघोळीच्या आधी तिला दवाखान्यात न्या. दवाखाना सरकारी असो की खासगी, तिच्यावर मोफत उपचार करायलाच हवेत, असा कायदा आहे.