खर्डीला उतरून पाहा



शनिवारी पहाटे कसाऱ्याकडे जाणारी लोकल पाठीवर सॅक घेतलेल्या तरुण मुलामुलींनी भरलेली असते. त्यातली काही आसनगावला उतरतात, त्यांना माहुलीचा किल्ला चढायचा असतो. बाकीची थेट कसाऱ्याला जातात आणि तिथून जीप करून घाट चढून भंडारदऱ्याला, रतनगडाला, कळसूबाईला पोचतात. मधल्या आटगाव, खर्डी, उंबरमाळी या स्थानकांवर उतरणारे सगळे घरी परतणारे असतात. रात्रपाळी संपवून आलेले कामगार, दुधाची रिकामी कॅनं घेतलेले गवळी, बाजाराला गेलेल्या बायका. फिरायला म्हणून तिथे फारसं कोणी उतरत नाही. आज मला या मधल्याच मुलखाबद्दल बोलायचं आहे. शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्याचे दोन तालुके, आणि त्यातलं खर्डी.

पश्चिमेला वसईची खाडी, पूर्वेला सह्याद्रीची भिंत, आणि त्या दोहोंच्या मधे ही भातखाचरांची, सागाच्या आणि ऐनाच्या जंगलांची उतरती जमीन. समुद्र दिसत नाही, पण हे कोकणच आहे, उत्तर कोकण. इथून नेहमी कोणीतरी कुठेतरी जात आलेलं आहे. सोपारा आणि कल्याण या बंदरांत उतरलेला माल दोन हजार वर्षांपूर्वी याच भागातून वर जुन्नरला, नाशिकला, पैठणला जायचा. मुरबाड तालुक्यात वैशाखरे गावाजवळून नाणेघाटाची वाट चढते. वर गुहेत सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लेख आहे आणि घाटाच्या तोंडाशी जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण. माळशेजला धबधबे पाहायला जाणाऱ्या गाड्या ही वाट जिथून सुरू होते तिथूनच पुढे जातात. ज्यांना दोन तास चढायची तयारी असेल त्यांनी एकदा तरी तिथे गाडी थांबवावी.

मग रेल्वे आली. १८६१ च्या जानेवारीत रूळ कसाऱ्यापर्यंत पोचले, पण थळ घाट चढून इगतपुरी गाठायला आणखी चार वर्षं लागली. घाटात ३७ मीटर पुढे गेलं की गाडी एक मीटर वर चढलेली असते, एवढा तो तीव्र चढ. म्हणून आजही कसाऱ्याला गाडीमागे जादा इंजिनं जोडतात. आणि ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. तोही शहापूर तालुक्यातूनच जातो. सह्याद्रीच्या पोटातून सुमारे आठ किलोमीटरांचा बोगदा पार केला की गाडी अर्ध्या-पाऊण तासात हा सगळा मुलूख मागे टाकते.

या वाटेवरून गेलेला एक प्रवासी मात्र मला फार आवडतो. २००९ साली नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरजवळ विहिरीत पडलेला एक बिबट्या वनखात्याने बाहेर काढला. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या संशोधनासाठी त्याच्या गळ्यात जीपीएसचा पट्टा बांधला आणि त्याला माळशेज घाटात सोडलं. वयस्कर म्हणून त्याचं नाव पडलं आजोबा. महिन्याभरात हा आजोबा सुमारे १२० किलोमीटर चालून बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाकडे पोचला. कसाऱ्याजवळ त्याने रेल्वेचे रूळ ओलांडले, नाशिकचा महामार्ग ओलांडला, वसईची खाडी पोहून पार केली. वाटेत माणसाला त्याने काहीही केलं नाही. २०११ मध्ये मुंबई-अहमदाबाद महामार्गावर गाडीच्या धडकेने तो गेला. त्याच्यावर सिनेमाही निघाला. आपल्या नकाशावर जिथे गावं, रस्ते आणि रूळ आहेत, तिथेच त्याला जंगलाचा सलग पट्टा सापडत गेला. हा पट्टा अजून शिल्लक आहे, म्हणून हा मुलूख पायी फिरावा.

आता खर्डीला उतरू. इथून आजूबाजूला निघालात की तुम्ही पाण्याच्या मागावर असता, तुम्हाला कळो वा न कळो. मुंबईला पाणी देणाऱ्या सात जलाशयांपैकी विहार आणि तुळशी हे दोनच शहरात आहेत. बाकीचे पाच शहापूर आणि त्याच्या शेजारच्या तालुक्यांत. त्या पाचांत तानसा सगळ्यांत जुना, १८९२ चा. काळ्या दगडात बांधलेली ती भिंत अडीच किलोमीटरांहून लांब आहे. पंप न लावता, निव्वळ उताराने तिथलं पाणी शहराकडे जातं. १९५७ चं मोडकसागर हे मुंबईचे अभियंता ना. वि. मोडक यांच्या नावाचं. मग भातसा, आणि अगदी अलीकडे २०१४ ला पूर्ण झालेलं मध्य वैतरणा, शंभर मीटरांहून उंच. भातसाची रीत वेगळी. धरणातून सोडलेलं पाणी नदीच्या पात्रातूनच वाहत पिसे इथल्या बंधाऱ्यापर्यंत जातं आणि तिथून उचललं जातं. मुंबईच्या रोजच्या पाण्यातलं जवळपास निम्मं हे एकट्या भातसाचं.

पावसाळ्यात हे जलाशय डोंगरांच्या मधे भरलेले पाहणं हा मोठा आनंद आहे. पण माझी विनंती आहे की एप्रिल-मे महिन्यातही एकदा या. तेव्हा याच तालुक्यातल्या अनेक पाड्यांवर टँकर येतो. कारण साधं आहे. धरणं दऱ्यांत खाली, पाडे वर पठारावर आणि उतारांवर. पाऊस उदंड पडतो, पण इथला काळा कातळ तो धरून ठेवत नाही. पाणी उतारावरून धरणात जातं आणि धरणातलं शहराला. ते उलट वर चढवायला वीज लागते, पैसा लागतो, आणि पाणी आधीच कोणाच्या तरी नावावर असतं. बायका पहाटेपासून विहिरीच्या तळाशी साचणाऱ्या पाण्याची वाट पाहत बसतात. ज्याच्या घरी हे पाणी नळाने येतं, त्याने हे पाहिलेलं असावं असं मला मनापासून वाटतं. तेव्हा उन्हाळ्यात येताना आपलं पाणी आपल्यासोबत आणा, आणि गावच्या विहिरीवर हातपाय धुऊ नका.

उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट दिसते. रेल्वेच्या खिडकीतूनही दिसते, पण ती काय आहे हे सांगणारं कोणी नसतं. ऐनाची झाडं फांद्या छाटून खांबासारखी उभी केलेली असतात. त्या फांद्या, पालापाचोळा, शेण रोपांच्या जागेवर पसरायचं, वर माती टाकायची आणि पेटवायचं. याला राब भाजणं म्हणतात. त्याने तण मरतं, राख खताला मिळते, आणि पहिल्या पावसानंतर तिथे भाताची रोपं जोमाने उगवतात. मग जुलैत आवणी, म्हणजे रोपांची लावणी. गुडघाभर चिखलात ओळीने वाकलेल्या बाया-बापड्या दिसल्या की बांधावरून चालताना जपून चाला. बांध फुटला तर खाचरातलं पाणी जातं.

जूनच्या पहिल्या सरींबरोबर जमिनीतून शेवळं वर येतात. कातकरी, ठाकूर, वारली बायका या रानभाजीच्या जुड्या शहापूरच्या बाजारात, स्टेशनच्या बाहेर घेऊन बसतात. शेवळं तशीच शिजवली तर घसा खाजतो, म्हणून सोबत काकडाची आंबट फळं घालतात आणि विकणारी बाई ती जुडीबरोबरच देते. नंतर टाकळा, कुर्डू, भारंगी, कंटोळी. कुठल्या पाड्यावर जेवायची सोय झाली तर तांदळाची भाकरी आणि यातली एखादी भाजी मागा. सोय आधी सांगून करावी लागते आणि पैसे द्यायला संकोच करू नये. हॉटेलात देता तेवढेच द्या.

पक्षी पाहणाऱ्यांसाठी तानसा अभयारण्याचं एक वेगळं महत्त्व आहे. रानपिंगळा हा घुबडाच्या कुळातला छोटा पक्षी शंभराहून अधिक वर्षं कोणाला दिसला नव्हता. तो नामशेष झाला असंच मानत होते. १९९७ साली तो नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ पुन्हा सापडला आणि २०१४ मध्ये तानशाच्या जंगलातही त्याची नोंद झाली. तो दिवसा वावरतो, म्हणून दिसण्याची शक्यता असते. पण मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नका. आपल्या हद्दीत दुसरा कोणी शिरला असं समजून तो चारा शोधायचं सोडून त्या आवाजाच्या मागे लागतो. अभयारण्यात जाताना वनखात्याची परवानगी घ्या.

माहुलीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तो मुळीच अपरिचित नाही. ८५८ मीटर उंची, वजीर आणि नवरा-नवरीचे सुळके, आणि १६३६ सालचा वेढा. निजामशाहीचा शेवटचा वारस जवळ घेऊन शहाजीराजांनी मोगल आणि आदिलशाही फौजांशी इथेच अखेरची झुंज दिली. मुरबाडकडच्या सिद्धगडाचं मात्र नाव घ्यायलाच हवं. २ जानेवारी १९४३ ला स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तिथे पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. आणि डोळखांबच्या पुढे डेहणे गावावर आजोबाचा डोंगर आहे. तिथे वाल्मीकींचा आश्रम होता आणि लव-कुश तिथेच वाढले असं लोक मानतात, वर कड्यात सीतेचा पाळणा दाखवतात. सांदण दरीतून खाली उतरणारे लोक थकून याच डेहण्यात येतात आणि गाडी पकडून आसनगावला निघून जातात. त्यांनी एक रात्र तिथे राहावं. सकाळी त्या कड्यावर ऊन कसं उतरतं ते पाहण्यासारखं आहे.

जायचं कसं? कसारा लोकलने खर्डी, आसनगावला उतरलात की रिक्षा आणि जीपा मिळतात, शहापूरहून एसटी सुटते. आतल्या गावांच्या गाड्या मोजक्याच असतात, तेव्हा परतीची वेळ जातानाच ड्रायव्हरला विचारून ठेवा. पावसाळ्यात धबधब्यांवर आणि धरणांवर प्रशासन बंदी घालतं, ती पाळा. विहीगावच्या धबधब्यावर २००१ च्या 'अशोका' सिनेमानंतर फार गर्दी लोटते, तिकडे रविवारी न गेलेलं बरं. डोंगर चढताना गावातला माणूस वाटाड्या म्हणून बरोबर घ्या. तो वाट तर दाखवेलच, पण झाडांची नावंही सांगेल.

आणि पावसाळा हुकला तर पौष पौर्णिमेला मुरबाडजवळ म्हशाच्या जत्रेला या. म्हसोबाचं देऊळ, त्याच्या भोवती मोठा बैलबाजार. घोंगड्या, शेतीची अवजारं, मिठाई, सगळं एका माळावर. घाटावरून आणि तळातून शेतकरी तिथे मुक्कामाला येतात. बैलाचे दात पाहून सौदा कसा ठरतो, ते तिथे कोणीही हौसेने समजावून सांगेल.