लाकडी वायूच्या बॉयलरची दुखणी
(हिवाळी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



आपल्या न्हाणीघरातील तांब्याच्या बंबात ढलप्या सारल्या की ज्वाळा वर जाते आणि धूर तिच्याही पुढे धावतो. परंतु ज्या मुलुखांत हिवाळाभर घर रात्रंदिवस उबदार राखणे ही चैन नसून जिवाची निकड असते, त्या ऑस्ट्रियात, स्वीडनमध्ये आणि अमेरिकेच्या मेन संस्थानात सरपण जाळण्याची जी एक उफराटी रीत रुळली, तिच्यात ज्वाळा खाली जाते. ती ज्वाळा बिघडते कशाने, एवढाच आजचा विषय आहे.

शुष्क लाकडाच्या वजनापैकी सुमारे 80 टक्के भाग तापताच वायुरूपाने निघून जातो व मागे राहतो तो कोळसा. फ्रान्सच्या फिलिप लेबाँ याने याच वायूवर दिवा आणि शेगडी चालवण्याची सनद 1799 सालीच मिळवली होती. या उफराट्या रीतीच्या बॉयलरात वरच्या कोठीत निखाऱ्यांवर लाकूड बसते, त्याला हवा मोजकीच मिळते, सुटलेला वायू पंख्याच्या जोराने तळाच्या अरुंद फटीतून खाली लोटला जातो, आणि तेथे तापलेल्या दुय्यम हवेशी त्याची गाठ पडून अग्निविटांनी मढवलेल्या खालच्या कोठीत तो 1,000 अंश सेल्सियसच्या आसपास भडकतो. असे झाले म्हणजे धुराड्यावर धूर जवळजवळ दिसत नाही. आणि तो दिसू लागला की मालक पहिला हात घालतो तो पंख्याला नाहीतर हवेच्या झडपेला, वस्तुतः तहकीकात सुरू व्हावी ती सरपणाच्या राशीपासून.

ताज्या तोडीच्या लाकडात निम्मे वजन पाण्याचे असू शकते, आणि या यंत्राला ते 20 टक्क्यांच्या आत लागते. टोकांना भेगा पडल्या, रंग करडा झाला, म्हणजे लाकूड वाळले, हा समज फसवा. ओंडका नव्याने फोडून आतल्या उघड्या अंगात आर्द्रतामापकाच्या सुया खुपसल्या, तर बाहेरून 16 सांगणारे लाकूड आत 28 सांगते, हे मुळीच नवलाचे नाही. पाण्याची वाफ करण्यात उष्णता खर्ची पडते हे सर्वजण सांगतात व ते खरेही आहे. तथापि माझ्या मते ते धाकटे नुकसान. थोरले नुकसान असे की त्या वाफेने खालची कोठी थंडावते, आणि जो वायू तिथल्या धगीवरच पेटायचा, तो न पेटताच धूर व काजळी होऊन चालता होतो.

उलट, खडखडीत वाळलेल्या बारीक ढलप्यांनी कोठी भरली तर वायू इतक्या वेगाने सुटतो की दुय्यम हवा अपुरी पडते, बॉयलर धापा टाकू लागतो आणि धूर पुन्हा हजर होतो.

लाकूड निर्दोष ठरले तर मग कोठीत पाहावे; मात्र दार एकदम उघडू नये. धुराड्याकडची आडवाट, म्हणजे धूर थेट धुराड्यात सोडणारी झडप, आधी उघडावी, वायू ओढला जाईपर्यंत थांबावे, दार बोटभर किलकिले करून पुन्हा थांबावे. कारण कोंडलेल्या वायूला अचानक हवा मिळाली तर तो तोंडावर भडकतो, आणि त्यातील कार्बन मोनॉक्साइड तर वासही न देता घात करतो. आत पुष्कळदा असे दिसते की वेडेवाकडे, लांब ओंडके भिंतींना अडून कमानीसारखे वर लटकले आहेत आणि खाली निखारे संपून फट उघडी पडली आहे. मग हवा नुसतीच वाहते, तिला वायूच मिळत नाही. ओंडके कोठीच्या लांबीहून किंचित आखूड तोडून सरळ रचावे, व सुरुवातीला निखाऱ्यांचा जाड थर जमू द्यावा, हाच यावर इलाज. तीच फट राखेने अथवा जुन्या फळीच्या खिळ्यांनी बुजते, हेही ध्यानी ठेवावे.

धूर बाहेर टाकणाऱ्या नळीतील उष्णतामान सामान्यतः 150 ते 200 अंशांच्या दरम्यान असते. ते दिवसागणिक हळूहळू चढत गेले तर पाण्याला उष्णता देणाऱ्या नळ्यांवर राख बसली. पण एकदम उसळले, तर पेटवताना उघडलेली आडवाट नीट मिटलेली नाही व ऊब थेट आकाशाकडे चालली आहे, असे समजावे. त्या आडवाटेच्या झडपेच्या कडेवर जमलेला चिकट थर खरवडला की अर्ध्या तासात हा मामला मिटतो.

सगळ्यांत हट्टी दुखणे मात्र बॉयलरात तापून घरभर फिरणाऱ्या पाण्याच्या बाजूचे. मेन विद्यापीठातील प्राध्यापक रिचर्ड हिल यांनी 1970 नंतरच्या दशकात असा धडा घालून दिला की आग पूर्ण भरात जाळावी आणि जादा उष्णता मोठ्या टाकीतल्या पाण्यात साठवावी. घराला ऊब कमी हवी म्हणून आगीचाच श्वास आवळला, तर ती धुमसते आणि कोठीच्या भिंतींवर डांबर चढते. घरातून परतणारे पाणी 55–60 अंशांहून थंड असेल तर त्या भिंतींवर आम्लयुक्त दहिवर सुटून पोलाद कुरतडले जाते. म्हणून बॉयलरातले गरम पाणी परतीच्या पाण्यात मिसळणाऱ्या झडपेची तजवीज हवीच. आणि ज्याची टाकी लहान असेल त्याने थंडी तीव्र होण्यापूर्वीच्या दिवसांत कोठी अर्धीच भरावी, आग जोमाने जळू द्यावी, आपोआप विझू द्यावी, आणि पाणी निवल्यावर पुन्हा पेटवावी.