डेंड्रोबियमची कुंडी फोडण्याआधी

अंधेरी-मुलुंडच्या गॅलऱ्यांत ऑर्किड म्हणजे बहुधा डेंड्रोबियम, त्यातही जांभळी-पांढरी ‘सोनिया’. काही वर्षांत कुंडी गच्च भरते, मग आपण झाड उपटून सरळ दोन भाग करतो. पुढचा, कोवळ्या कोंबाचा भाग जगतो. मागची जुनी, पानं गळलेली खोडं हौसेनं शेजारणीला देतो, आणि तिच्याकडे ती महिनोन्‌महिने ढिम्म बसून राहतात.

या खोडांच्या बुडाशी उसाच्या कांड्यासारखे डोळे असतात. पण पुढचा वाढता कोंब त्यांना फुटू देत नाही. तो बनवत असलेली संजीवकंच त्यांना दाबून धरतात. म्हणून आधी नुसता कापच द्यायचा, कुंडी नंतर बदलायची. होळीच्या सुमारास, फुलं ओसरल्यावर, झाड जागचं न हलवता खोडांना बुडाशी जोडणारं आडवं मूळखोड धारदार पात्यानं कापा. दोन्ही बाजूंना किमान तीन-तीन खोडं राहू द्या. मुळं जागच्या जागी असल्यानं मागच्या भागाला पाणी मिळत राहतं आणि साधारण दीड-दोन महिन्यांत डोळा फुटतो. नव्या कोंबाला स्वतःची मुळं डोकावू लागली की भाग वेगळा करा. ती बोटभर लांब झाली, तर हाताळताना मोडतात.

पातं प्रत्येक झाडागणिक ज्योतीवर तापवून, निववून घ्या. सिंबिडियम मोझेक हा विषाणू रसातून पसरतो आणि त्यावर औषध नाही. कापल्या जागी दालचिनीची पूड लावा. मुळांना लागू देऊ नका, ती सुकतात.

मेअखेर हे काम उरकायला हवं. सांताक्रूझला एकट्या जुलैतच सरासरी ८०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्यात नारळाची सोडणं पाणी धरून कुजतात. आपल्याकडे कोळसा नि विटांचे तुकडेच बरे, कुंडी लहान, आणि पागोळीपासून दूर. मे हुकला तर सरळ दसऱ्यानंतर बघा.

आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या झाडांवरची आमरी, म्हणजे रानटी ऑर्किड, ‘थोडीशीच’ काढून आणायचा विचार मनात येत असेल, तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो गुन्हा आहे.

एक राहिलंच. दुकानात मिळणाऱ्या, फुलपाखरी फुलांच्या फॅलेनॉप्सिसवर यातलं काही करू नका. तिला एकच उभं खोड असतं; ते कापलंत तर दोन झाडं होत नाहीत, होतं तेही बहुधा जातं.