जुन्या सायकलची घरगुती दुरुस्ती
(मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



पाककृती, बालसंगोपन, भरतकाम या विषयांच्या पंक्तीत माझा विषय जरा तेलकट आहे, हे मी जाणून आहे. परंतु कार्यवाहबाईंनी आग्रह धरला, आणि त्याला कारणही तसेच आहे. आपल्या इमारतीचा पुनर्विकास ठरला असून पाडव्यानंतर खालची जागा मोकळी करून द्यावयाची आहे. जिन्याखाली आणि मागच्या भिंतीशी मिळून अकरा सायकली धूळ खात उभ्या आहेत. मी स्वतः मोजल्या. भंगारवाला त्या वजनावर नेणार. त्यांतल्या निदान चार-पाच पुन्हा रस्त्यावर चालतील असे माझे मत आहे, आणि ते कशाच्या आधारावर, एवढेच आज सांगावयाचे आहे.

बारावी होती ती आमची. आमच्या आत्येसासूबाई मुलींच्या शाळेत शिक्षिका होत्या. निवृत्त होईपर्यंत त्या याच सायकलवरून शाळेत जात. नॉटिंगहॅमची रॅले, वळणदार फ्रेमची लेडीज सायकल, साखळीवर पुरे झाकण, दांड्यांचे ब्रेक आणि हँडलाखाली नगरपालिकेचा पितळी बिल्ला. पुणे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई त्या काळातली ती. गेली कित्येक वर्षे तिच्यावर गाद्या वाळत पडत. माझी चौदा वर्षांची नात क्लासला जाण्यासाठी स्कूटीचा हट्ट धरून बसली होती. तिला परवाना मिळण्याला अजून दोन वर्षे आहेत. तेव्हा मी म्हटले, तोवर हिच्यावर जा. ती म्हणाली, "आजी, ही चालेल तरी का?" प्रश्न रास्त होता.

सायकल उघडण्यापूर्वी ती चालवण्याजोगी आहे का, हे पाहावे. गंज पाहून घाबरू नये. भीती असते ती दुसऱ्याच जागी. पुढचा चिमटा जेथे फ्रेमला मिळतो तेथे, आणि हँडलाच्या नळीच्या मागे खाली जाणाऱ्या नळीवर बोट फिरवून पाहावे. तेथे रंगाला सुरकुती पडली असेल, नळीला फुगार आला असेल, तर सायकल कधीतरी समोरून आदळली आहे असे समजावे. चिमट्याला तडा असेल तर माझा सल्ला सरळ आहे: तो चिमटा टाकून द्यावा, वेल्डिंग करून मुलांना देऊ नये. उतारावर चिमटा मोडला तर सावरावयाला वेळ मिळत नाही. आपल्या अकरांपैकी एकीला असा तडा मला दिसला. कोणाची ते त्यांना खासगीत सांगेन.

सायकलचे वय ओळखण्याची एक गंमत सांगते. स्टर्मी-आर्चर कंपनीचा तीन गिअरांचा हब मागच्या चाकाला असेल, तर त्याच्या कवचावर दोन आकडे कोरलेले असतात. आमच्या हबवर '५२' आहे. म्हणजे हब १९५२ सालचा. सायकल त्याच सालची असेलच असे नाही, कारण चाक बदललेले असू शकते. या हबची करामत मोठी आहे. सारे गिअर आत लपलेले. मधला गिअर सरळ चालतो, वरचा चाकाला एक-तृतीयांश जास्त फिरवतो, खालचा पाव भाग कमी. हबवर तेलासाठी छोटे झाकण असते. त्यात पातळ तेलाचे थोडे थेंब टाकावे. शिवणयंत्राचे तेल त्या कामी चालते. खोबरेल मात्र टाकू नये, ते थंडीत थिजते आणि पुढे चिकट होऊन बसते.

आता मुख्य काम, म्हणजे ओव्हरहॉलिंग. पूर्वी सायकलच्या दुकानात त्याला सर्रास 'ओव्हरऑयलिंग' म्हणत, आणि त्यात तेल इतके लागे की तो शब्दही खोटा म्हणवत नाही! आपल्याकडे घरोघरी पाने असतात. पान्यांपेक्षा धीर जास्त लागतो. पहिल्या दिवशी फक्त प्रत्येक नटावर गंज सोडवणारे तेल टाकून ठेवावे आणि दोन-तीन दिवस हात लावू नये. काढलेला प्रत्येक भाग चिवड्याच्या रिकाम्या डब्यात, निघाला त्या क्रमाने ठेवावा. फोनवर फोटो काढून ठेवले तर उत्तमच.

खरी कसोटी कॉटरपिनची. पायडलची दांडी ज्या आसाला जोडलेली असते तेथे ही पाचर बसवलेली असते. सत्तर वर्षांची गंजलेली पिन सहजी निघत नाही. नट पूर्ण काढून वरून हातोडा हाणला की पिनचे आटे मोडतात आणि आतली बेरिंगची वाटीही दुखावते. दांडीखाली लोखंडी नळीचा तुकडा उभा टेकवावा, म्हणजे मार जमिनीत उतरतो. नट चार-पाच आटे सैल करून जागीच ठेवावा, आणि मग एकच ठोका, पण ठाम. आमची उजवी पिन तिसऱ्या ठोक्याला निघाली. डावीला चार दिवस रोज तेल पाजले. नवीन पिन बसवताना दोन्हींची तोंडे परस्परविरुद्ध ठेवावी लागतात, नाहीतर दोन्ही दांड्या एका रेषेत येत नाहीत. पिनची सपाट बाजू कानशीने थोडी थोडी घासून बसवावी. हे काम नातीने केले. माझ्यापेक्षा सुबक केले.

डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. उजवीकडच्या मोठ्या वाटीचेही इंग्रजी पद्धतीत उलटेच. हे ठाऊक नसले तर माणूस सोडवतो म्हणून आवळत बसतो. त्यात नॉटिंगहॅमच्या रॅलेचे आणखी एक वैशिष्ट्य असे की, या वाट्यांना इंचाला २६ आटे असतात, तर इतर इंग्रजी सायकलींना २४. बाजारातली वाटी म्हणूनच तिला बसत नाही. आमचे कोपऱ्यावरचे सायकलवाले काका म्हणाले, "वहिनी, वाटी जपा, बाकी सगळं मी देतो." छर्रे मात्र सर्व नवे घालावेत, जुन्यात नवे मिसळू नयेत. तेथे पाव इंची छर्रे लागतात, एका बाजूला ११, दोन्ही मिळून २२. ग्रीसमध्ये बसवले की मोत्याच्या सरासारखे दिसतात.

सुटे भाग मिळत नाहीत ही समजूत बरीचशी चुकीची आहे. स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे सायकलीचे कारखाने निघाले: आसनसोलला सेन-रॅले, मद्रासजवळ अंबत्तूरला टी. आय. सायकल्स, १९५१ साली सोनिपतला ॲटलस, १९५६ साली लुधियानाला हीरो. त्यांनी दांड्यांच्या ब्रेकची जी काळी सायकल घरोघरी पोचवली ती इंग्रजी मापांचीच. २८ बाय दीड इंचाचा टायर म्हणून आजही मिळतो. तसेच ब्रेकचे रबर, कॉटरपिनी, स्पोकसुद्धा. जुन्या चाकांत पुढे ३२ आणि मागे ४० स्पोक असतात, हे नवी रिम घेताना लक्षात ठेवावे. चाकाचा आउट काढण्याचे काम मी काकांकडे दिले. सगळेच घरी झाले पाहिजे असा माझा हट्ट नाही.

रंगावरून आमच्या घरात दोन तट पडले. चिरंजीवांचे म्हणणे, सगळा रंग खरवडून भट्टीतला नवा चकचकीत रंग द्यावा. मी नकार दिला. काळ्या रंगावरच्या सोनेरी रेघा आणि नावाची अक्षरे एकदा खरवडली की गेलीच. जेथे पत्रा उघडा पडला होता तेवढेच पॉलिश पेपरने घासून रंगवले, बाकी हलक्या हाताने धुऊन मेण लावले. क्रोमवरचा गंज काढावयाला स्वयंपाकघरातला अॅल्युमिनियमचा चुरगळलेला कागद पाण्यात बुडवून घासावा. तो क्रोमपेक्षा मऊ असल्याने ओरखडा पडत नाही. बिल्ला चिंचेने निघाला. पुढच्या बगळ्याच्या चिन्हाला मात्र चिंच लावली नाही, त्यातला रंग जातो. चामड्याच्या सीटचा पापड झाला होता. तिला तेलात भिजवू नये, चामडे सैल पडते; मेणाचा पातळ हात दोन-तीनदा द्यावा.

आता नातीच्या सोयीसाठी केलेले बदल. माझी अट एकच होती: काही कापावयाचे नाही, भोक पाडावयाचे नाही, काढलेला भाग डब्यात जपून ठेवावयाचा. मागचे दातेरी चक्र १८ दात्यांचे होते, तेथे २० दात्यांचे घातले. पुलाच्या चढावर पायाला दहा टक्के आराम मिळतो. जुन्या दिव्याच्या आत एल. ई. डी. बसवला. आणि ओढणीचा प्रश्न होता. ओढणी चाकात जाऊन गळ्याला बसलेला फास मी शेजारच्या आळीत पाहिला आहे, म्हणून त्यावर तडजोड केली नाही. मागच्या मडगार्डच्या कडेला बारीक भोकांची रांग असते. तेथून आसापर्यंत दोऱ्या ताणून पूर्वी साडीचा पदर वाचवीत. त्या दोऱ्या कधीच तुटल्या होत्या. मी जाड सुताचे क्रोशाचे जाळे विणून बसवले. येथे भरतकामाचा संबंध आला, पाहा!

कोणी म्हणतील, लेडीज सायकल नाही, दांडीची आहे, मुलींना काय उपयोग? तमिळनाडूत पुदुक्कोट्टै जिल्ह्यात १९९१ च्या सुमारास साक्षरतेच्या मोहिमेबरोबर हजारो खेड्यांतल्या बायका सायकल शिकल्या. लेडीज सायकली अपुऱ्या पडल्या तेव्हा त्या दांडीच्या सायकलीवर बसल्या. पुढे दांडीवर मूल बसवता येते म्हणून त्यांना तीच बरी वाटू लागली. आणि वयाचे म्हणाल तर अमेरिकेतल्या फ्रान्सिस विलर्ड त्रेपन्नाव्या वर्षी सायकल शिकल्या आणि त्यावर त्यांनी १८९५ साली पुस्तकही लिहिले.

एक धोक्याची सूचना. लोखंडी रिमवर पावसात ब्रेक फार उशिरा लागतो. नातीला मी पहिल्या पावसात रिकाम्या मैदानावर नेऊन ते करून दाखवावयाला लावले. पाऊस असला की ती पुलावरून उतरताना पायी येते. हे तिच्या आईने घातलेले बंधन आहे, आणि मला ते पटते.

तेव्हा येत्या रविवारी सकाळी आठ वाजता मी जिन्याखाली असेन. ज्यांची सायकल आहे त्यांनी निदान ती बाहेर काढून ठेवावी आणि भंगारवाल्याला सोमवारपर्यंत थांबवावे. पाने, नळीचा तुकडा आणि तेल माझ्याकडे आहे. जुने कपडे घालून यावे आणि येताना रिकामे डबे आणावेत. कॉटरपिनी मात्र प्रत्येकीने आपल्या आणावयाच्या आहेत. एका सायकलला दोन.