संस्थापकाचं चरित्र, घरातल्या मुलीने लिहिलेलं

आज फॉन ब्रोडी या इतिहासकार बाईंबद्दल बोलायचंय. जन्म १९१५चा, अमेरिकेतल्या युटा राज्यात, मॉर्मन घराण्यात. घराणंही साधंसुधं नव्हे. त्यांचे सख्खे काका डेव्हिड मॅके पुढे, १९५१ साली, मॉर्मन चर्चचे अध्यक्ष झाले.

या पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ. देवदूताने दाखवलेल्या सोन्याच्या पत्र्यांवरून आपण ‘बुक ऑफ मॉर्मन’ भाषांतरित केलं, असं तो सांगे. तो ग्रंथ १८३०मध्ये छापला गेला. १८४४मध्ये जमावाने तुरुंगात घुसून स्मिथला गोळ्या घातल्या. भक्तांसाठी तो हुतात्मा झाला; विरोधकांसाठी भोंदूच राहिला.

ब्रोडीबाईंना या दोन शिक्क्यांमागचा माणूस हवा होता. १९४५ साली त्यांचं ‘नो मॅन नोज माय हिस्टरी’ हे स्मिथचरित्र आलं. त्यांनी भक्तांचे कागद वाचले, तसे विरोधकांचेही वाचले. १८२६ सालच्या एका खटल्याच्या नोंदीत तरुण स्मिथ खड्यात पाहून गुप्तधन शोधणारा म्हणून येतो. ती त्यांनी वापरली. त्याच्या ४८ बायकांची यादी दिली. आणि ‘बुक ऑफ मॉर्मन’ ही त्याच्याच कल्पनाशक्तीची निर्मिती आहे, असं स्पष्ट लिहिलं. १९४६मध्ये चर्चने त्यांना पंथाबाहेर काढलं.

मग बाई बरोबर होत्या का? काही बाबतींत, हो. २०१४ साली चर्चने स्वतःच एका निबंधात स्मिथच्या बायका तीस ते चाळीसच्या दरम्यान असाव्यात, असा अंदाज दिला. पण काही मुलं त्याला या बायकांपासून झाली असावीत, हा बाईंचा तर्क होता. त्यांतल्या अनेकांच्या बाबतीत डीएनए चाचणीने तो खोटा ठरवला. स्मिथच्या मनात काय चाललं होतं, हेही त्या फार खात्रीने सांगतात. हा आक्षेप मला रास्त वाटतो.

मात्र या चुका दाखवल्या त्या पुराव्याने. बहिष्काराने त्यांच्या पुस्तकातली एक ओळही खोटी ठरली नव्हती.

रिचर्ड बुशमन या इतिहासकारांनी २००५मध्ये स्मिथचं मोठं चरित्र लिहिलं. ते स्वतः श्रद्धाळू मॉर्मन. ब्रोडीबाईंची श्रद्धा उरली नव्हती. हा फरक मोठा आहे. पण बुशमन यांच्या पुस्तकातही तो खडा आहे आणि त्या बायकाही आहेत. त्यांना मात्र पंथाबाहेर कोणी काढलं नाही.