शब्दांची तकरार

आमच्या सेलूतला एक मुलगा दोन वर्षांपूर्वी नोकरीसाठी दुबईला निघाला. जाण्याआधी वही घेऊन माझ्याकडे आला. वहीत दोनशे अरबी शब्द आणि समोर मराठी अर्थ. म्हणाला, "चाचा, रात्री पाठ करतो, सकाळी आठवत नाहीत."

मी म्हटलं, "वही मिट. हिसाब, दुकान, वकील, कलम, खुर्ची हे शब्द येतात ना तुला? मग तुझं अरबी सुरू झालं." खुर्चीला अरब माणूस 'कुर्सी' म्हणतो, एवढाच काय तो फरक. आमचं सेलू १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतं, कारभार उर्दूत चालायचा. पण असे कितीतरी शब्द त्याच्याही आधी फारसीचं बोट धरून मराठीत आले आणि इथलेच झाले. माधव जूलियन यांनी १९२५ साली केलेला फार्शी-मराठी कोश चाळला, की हा घरोबा लक्षात येतो.

दुसरं असं, की अरबी शब्द एकटा राहत नाही, त्याचं खानदान असतं. क, त, ब ही तीन अक्षरं घ्या. किताब म्हणजे पुस्तक, कातिब म्हणजे लिहिणारा, मकतब म्हणजे कचेरी, मकतबा म्हणजे ग्रंथालय. एकाची ओळख झाली, की बाकीचे आपणहून भेटायला येतात.

मात्र ओळखीचा चेहरा कधी फसवतोही. काही महिन्यांनी त्या मुलाचा फोन आला. "चाचा, इथं एकानं मला गरीब म्हटलं." आवाजात अपमान होता. मी सांगितलं, "बेटा, अरबीत त्याचा अर्थ परका, अनोळखी." तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "दोन्ही खरंच आहे की, चाचा."

मला उत्तर सुचलं नाही. पण तो शब्द आता तो जन्मात विसरणार नाही.

म्हणून कुठलीही भाषा शिका, रोज पाच-सातच शब्द घ्या. प्रत्येकाचं स्वतःच्या जगण्यातलं एक वाक्य करा. ते उद्या म्हणा, आठवड्यानं म्हणा, महिन्यानं पुन्हा म्हणा. अरबीत 'तकरार' म्हणजे पुन्हा पुन्हा करणं. आपण मराठीत तिची तक्रार करून टाकली! नवी भाषा शिकताना मात्र तो जुना अर्थच कामाला येतो.