मागें पडलेलें घड्याळ

भिंतीवरील घड्याळ मागें पडूं लागलें म्हणजे घरांतील मंडळी घड्याळजीला बोलावतात. घड्याळ निर्दोष असूं शकेल ही कल्पना कोणाच्या मनाला शिवत नाहीं. परंतु १६७२ सालीं असेंच एक घड्याळ मागें पडलें, आणि त्यानें पृथ्वीच्या आकाराची साक्ष दिली.

ज्याँ रिशे हा फ्रेंच ज्योतिषी त्या वर्षीं मंगळाचे वेध घेण्यासाठीं दक्षिण अमेरिकेंतील कायेन येथें गेला होता. हें स्थळ विषुववृत्ताच्या उत्तरेस अवघ्या पांच अंशांवर आहे. पॅरिसला बिनचूक जुळविलेलें लंबकाचें घड्याळ तेथें रोज दोन मिनिटांहून अधिक मागें पडूं लागलें.

लंबकाचा नियम साधा आहे. दोऱ्याला गोळा टांगून त्यास लहानसा झोका दिला, तर एका आंदोलनास लागणारा वेळ गोळ्याच्या वजनावर अवलंबून नसतो. तो ठरतो दोनच गोष्टींनीं: लंबकाची लांबी आणि त्या स्थळींचें गुरुत्वाकर्षण. लांबीला गुरुत्वाकर्षणानें भागून येणाऱ्या संख्येच्या वर्गमूळाच्या प्रमाणांत हा वेळ असतो. लांबी चौपट केली तर वेळ दुप्पट होतो. आकर्षण घटलें तर वेळ वाढतो.

मग कायेनला वाढलें काय, लांबी? कीं घटलें आकर्षण? उष्ण प्रदेशांत धातु प्रसरण पावते, तेव्हां पहिली शंका रास्तच होती. रिशेनें दहा महिने, दर आठवड्यास, तोच प्रयोग केला. सेकंदाचा ठोका साधण्यासाठीं सुमारें एक मीटर लांबीचा लंबक पॅरिसपेक्षां तेथें सुमारें तीन मिलिमीटर आंखूड ठेवावा लागे. हा फरक त्यानें १६७९ सालीं प्रसिद्ध केला.

न्यूटननें १६८७ सालच्या 'प्रिन्सिपिया' ग्रंथांत त्याचा उलगडा केला. पुढें त्यानें उष्णतेचाहि हिशेब मांडला. पण सगळा फरक तिनें भरून निघेना. पृथ्वी स्वतःभोंवतीं फिरते, म्हणून विषुववृत्ताकडे पदार्थांचें वजन किंचित् घटतें. त्याच भ्रमणामुळें ती तेथें फुगली आहे व ध्रुवांकडे चपटी झाली आहे. कायेन हें पॅरिसपेक्षां पृथ्वीच्या मध्यापासून अधिक दूर आहे तें यामुळेंच. आजच्या मोजमापांप्रमाणें विषुववृत्तावरील त्रिज्या ध्रुवाकडील त्रिज्येहून सुमारें २१ किलोमीटरांनीं अधिक भरते, आणि कायेनचें गुरुत्वाकर्षण पॅरिसपेक्षां हजारांत सुमारें तीन भागांनीं कमी आहे. एका मीटरांत तीन मिलिमीटर म्हणजेहि हजारांत तीनच.

रोज कांटे पुढें सारून रिशेला वेळ निभावून नेतां आली असती. त्यानें लंबक पुन्हा पुन्हा मोजला.